भाविकाची चाल

चेहरा झाकून काही होत नाही, हे आम्हाला दुसरीतच कळलं होतं.
वरचं यंत्र चेहरा बघत नाही,
चाल बघतं.
टाच आधी टेकते की चवडा,
डावा खांदा किती उतरतो,
वळताना मान आधी वळते की कंबर.
सरकारी नाव 'सोबती'.
करावे गावात त्याला चिलट म्हणतात.

सातनंतर सोळा ते बावीस वयाची माणसं
तिघांहून जास्त एका जागी थांबली
की वरून आवाज येतो, बाईचा, गोड, बँकेतल्यासारखा:
"सेक्टर अठ्ठेचाळीस, कृपया विरळ व्हा."
विरळ व्हा.
जणू आम्ही ताक.

भाविका मढवी आमच्यातली चौथी.
म्हणजे ती आली की आम्ही गुन्हा व्हायचो.
लहानपणी खाडीच्या चिखलात कालव लागून तिचा तळवा फाटला होता,
तेव्हापासून उजवा पाय जरा ओढायची.
एक, दोन, आणि थोडं थांबून तीन.
खेकड्याच्या बिळात हात कसा घालायचा
आणि कधी घालायचा नाही,
आम्हाला तिनेच शिकवलं.

मार्चमध्ये तिला नेलं.
बेलापूरला, कुठल्याशा इमारतीत, नवव्या मजल्यावर,
असं तिचा भाऊ म्हणाला.
मग भाऊही काही म्हणेनासा झाला.
कागदावर कारण होतं: वारंवार चौथी.

त्यानंतरचं कोणी ठरवलं नाही.
ठरवलं असतं तर ऐकलं गेलं असतं.
अन्सार दूध आणायला निघाला तो उजवा पाय ओढत,
आम्हाला वाटलं, लागलं असेल.
दुसऱ्या दिवशी यश्वी.
आठवड्याने चाणक्यच्या बसथांब्यावर अकरा पोरं,
सगळी एक, दोन, थोडं थांबून तीन.

चिलटं गोंधळली.
त्यांच्या नकाशात एकाच वेळी भाविका मढवी
नेरूळच्या पुलावर होती,
सारसोळेच्या जेट्टीवर होती,
पामबीच ओलांडत होती सिग्नल नसताना,
आणि नवव्या मजल्यावर, कुलपात.
तो नकाशा एकदा बघायला आवडलं असतं मला.

पण दुसऱ्याच्या चालीत राहायचं तर भाडं पडतं.
कंबर धरते. जिन्यावर गुडघा चुकतो.
ही पावलं घरात न्यायची नाहीत, असं मी ठरवलं होतं.
पायांना दार कळत नाही.

आमचं घर सिडकोचं, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
ओट्याशी उभी असलेली आई
माझी पावलं दुसऱ्या मजल्यावरच ओळखायची,
बेलच्या आधी कडी काढून ठेवायची.
परवा रात्री कडी लागलेली.
बेल वाजवली.
आतून आई म्हणाली, "कोण?"

नाव सांगितलं.
ती दाराच्या भोकातून बराच वेळ बघत राहिली.

जेवणानंतर दिवा मालवून
मी मोरीपासून खिडकीपर्यंत माझं चालून बघितलं.
टाच आधी? की चवडा?
हातांचं काय करायचो मी?
आठवेना.

आई अंथरुणात उठून बसली होती.
"तू जरा पुढे झुकून चालायचास," म्हणाली,
"काहीतरी पडलंय आणि उचलायचं राहिलंय, असा."
मग उठलीच, आणि चालून दाखवलं.
गाऊनमध्ये, चार पावलं.
अगदी मी.

खिडकीबाहेर चिलट थबकलं.
लाल ठिपका आधी भिंतीवर, मग कॅलेंडरवर,
मग तिच्या पाठीवर.

ती वळली.
अंथरुणापर्यंत आली ती उजवा पाय जरा ओढत,
एक, दोन,

आणि चादर अंगावर घेतली.
मी काही विचारलं नाही.
तिचे गुडघे तसेही दुखतात.